वेगळं घंगाळ

आत्याच्या लाँड्रीला दोन दारं होती आणि त्या दोन दारांपायी अर्ध्या गल्लीशी तिचं एकेकदा भांडण झालेलं होतं. मळका कपडा मागच्या दाराने आत यायचा आणि धुतलेला पुढच्या दाराने बाहेर जायचा. मधे भिंत, भिंतीत एक दार आणि त्या दाराशी नळ. मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूला जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग ती स्वतः आत्या असो नाहीतर दवाखान्याच्या चादरी घेऊन आलेले मोठे डॉक्टर. डॉक्टर एकदा घाईत चादरींचं गाठोडं घेऊन पुढच्या दाराने शिरले, तर तिने त्यांना गाठोड्यासकट गल्लीला वळसा घालायला लावला होता. डॉक्टर बिचारे गेले. आत्या बोलली की माणूस आधी चालायला लागायचा आणि मग विचार करायचा.

खरं तर ती आत्या एकाच मुलीची, तिच्या भावाच्या मुलीची. पण त्या मुलीने लहानपणी दिवसभर ‘आत्या, आत्या’ करून एवढा गलका केला की सगळी गल्ली तिला आत्या म्हणायला लागली. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेसुद्धा आत्याच म्हणत.

पवित्र शास्त्रातले शुद्ध-अशुद्धाचे नियम बाकीची मंडळी जांभया देत उलटून टाकतात, आत्याला मात्र ते तोंडपाठ होते. काय शिवायचं, काय नाही, शिवलं तर संध्याकाळपर्यंत कोण अशुद्ध राहतं, सगळं. कपड्यावर बुरशीचा डाग आढळला तर याजकाने तो कपडा सात दिवस बंद करून ठेवावा, मग पुन्हा पाहावा, डाग पसरला नसेल तर धुवायला लावावा आणि आणखी सात दिवस थांबावं, हा भाग तिचा विशेष लाडका. “बघा,” ती म्हणायची, “देवाला लाँड्रीतलं कळतं.”

चर्चची वस्त्रं तिच्याकडे होती. वेदीवरची लांब पांढरी चादर आणि प्रभुभोजनाचा प्याला पुसायचे रुमाल. या वस्त्रांसाठी तांब्याचं एक वेगळं घंगाळ होतं, एवढं मोठं की त्यात पाच वर्षांचं पोर बसवून अंघोळ घालता आली असती. ते स्वच्छ बाजूच्या कोपऱ्यात, स्वतःच्या झाकणाखाली असायचं. शुक्रवारी सकाळी लाँड्रीत दुसरा कुठलाही कपडा भिजायच्या आधी त्यात चर्चची वस्त्रं भिजायची आणि एरवी आठवडाभर त्याला कुणी बोट लावायचं नाही. भाचीनेसुद्धा नाही.

हा सगळा कडकपणा नुसत्या भक्तीतून आला होता असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. तेवीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात विहिरीत मैल्याचं पाणी झिरपलं, आणि आत्याचा भाऊ आणि वहिनी आठवड्याच्या अंतराने गेले. तीन वर्षांची मुलगी आत्याच्या ओटीत आली. त्या दिवसापासून घाणीची आत्याला भीती बसली, आणि भीतीला शास्त्राचा आधार मिळाला की मग ती काही हलत नाही.

तर ही तीन वर्षांची मुलगी सव्वीस वर्षांची झाली. एका दुपारी दोघी दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. दोघी टोकाला टोक लावून समोरासमोर आल्या तेव्हा भाची म्हणाली, “आत्या, मला टँकरवाल्याशी लग्न करायचंय.”

आत्याच्या तोंडावर हसू आलं. पोरीने आपणहून विषय काढला हेच केवढं.

“कुठला गं? पाण्याचा टँकर?”

“पाण्याचा नाही.”

हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यात काही जीव उरला नाही. गावात दुसरा टँकर एकच होता, पिवळा, लांबलचक पाइपचा, लोकांच्या घरामागच्या मैल्याच्या टाक्या उपसणारा. तो वळणावर यायच्या आधी त्याचा वास यायचा. त्याच्यावर काम करणाऱ्यांचे कपडे तर आत्या मागच्या दारातूनच परत पाठवायची. तो टँकर चालवणारा माणूस दोन वर्षांपासून चर्चला येत होता. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचा, खर्जात सुरेख गायचा आणि उपासना संपली की हात पाठीमागे बांधून बाहेर उभा राहायचा. लोकांना हात मिळवावा की नाही असा पेच पडू नये म्हणून तो आपणच आपले हात लपवायचा.

“काम सोड म्हणावं त्याला,” आत्या म्हणाली.

“मी विचारलं होतं, तुझ्या वतीने. तो म्हणाला, मी सोडलं तर दुसरा कुणीतरी करेल, आणि तो दुसरा पाइपचा जोड नीट घट्ट करेल याची मला खात्री नाही.”

“शास्त्रात स्वच्छ लिहिलंय, वेगळं व्हायचं. अशुद्ध असेल त्याला हात लावायचा नाही.”

“मग गावातली घाण गावापासून वेगळी कोण करतं, आत्या? तोच ना? तू कपड्यातली काढतेस, तो जमिनीखालची.”

आत्याला राग आला. चादरीचं टोक तिने एवढ्या जोरात ओढलं की भाची दोन पावलं पुढे आली.

“तुझा लग्नाचा पोशाख मी धुवेन,” आत्या म्हणाली. “खळ देईन, इस्त्री करेन. पण त्या लग्नात मला बोलवू नकोस.”

त्यांच्या चर्चमध्ये नवरी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात धरून वेदीपर्यंत चालत जायची. भाचीच्या घरात वडीलधारं माणूस एकच होतं.

“ठीक आहे. मी एकटी चालत जाईन,” भाची म्हणाली. ती हे भांडायला म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि आत्याला ते लागलं.

पुढचे पंधरा दिवस लाँड्रीत साबणाच्या फेसाखेरीज कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. म्हणजे फेसही बोलत नव्हता, पण निदान थोडा चुळबुळ तरी करायचा. ‘खळ संपलीय’, ‘डॉक्टरांचा कोट झाला’, बस. लग्नाला दहा दिवस उरले. आत्या रात्रंदिवस एकच चित्र पाहत होती, लांब मोकळी वाट आणि त्या वाटेवरून एकटी चालणारी पोर. ते चित्र पुसावं तर स्वतःचा शब्द मोडावा लागणार, आणि आत्याने आजवर फक्त दुसऱ्यांचे शब्द मोडून काढलेले.

शेवटी गुरुवारी दुपारी ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. दर गुरुवारी जायचीच. चर्चची वापरलेली वस्त्रं घ्यायची, मग बायकांच्या प्रार्थनेला बसायचं, पाचला परत यायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. या खेपेला तिला पाळकसाहेबांच्या तोंडून आपल्या बाजूचा एक शब्द हवा होता, म्हणजे लग्न टळलं नाही तरी मन शांत झालं असतं.

पाळकसाहेब सज्जन माणूस. आत्याला जरा भिऊनच असायचे, कारण बोलता बोलता तिची नजर त्यांच्या कॉलरवर जायची. त्यांनी आधी गोड बोलून घेतलं. “आत्या, वेदीची वस्त्रं काय सुरेख निघतात हो तुमच्या हातून. गेल्या वर्षा-दीड वर्षात तर जास्तच. परवा बाहेरगावचे पाहुणे विचारत होते, नवी घेतलीत का म्हणून.”

“नवी कशाला? वेगळं ठेवल्याचं फळ आहे ते,” आत्या म्हणाली, आणि लगेच मुद्द्यावर आली. “पाळकसाहेब, जुन्या करारात एक संदेष्टा याजकांना दोन प्रश्न विचारतो. पवित्र मांस पदरात बांधलंय आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर ती विटाळते का? म्हणतात, हो. बरोबर?”

“बरोबर.”

“हे मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं बघतेय मी. लाल कपडा पांढऱ्यात भिजला की पांढरा लाल होतो. पांढरा कधी लालात उतरत नाही. मळ लागतो, स्वच्छता लागत नाही. म्हणून वेगळं राहायचं.”

पाळकसाहेबांनी मान डोलावली. आत्याला वाटलं, जिंकलं. मग ते म्हणाले, “मग मला एक लाँड्रीतली शंका आहे. प्रभूकडे तो कुष्ठरोगी आला. त्याला कुणी शिवायचं नाही असा नियम. तोंडाने नुसतं ‘बरा हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. प्रभूने हात लांब करून त्याला शिवलं. तुमच्या हिशेबाने काय व्हायला हवं होतं?”

“प्रभू अशुद्ध व्हायला हवा होता.”

“आणि झालं काय?”

आत्याने पिशवी जवळ ओढली. झालं काय हे तिलाच काय, रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं: प्रभू विटाळला नाही, रोगीच शुद्ध झाला.

“तो एक पांढरा असा निघाला आत्या, की ज्याचा रंग सुटला,” पाळकसाहेब म्हणाले.

“तो देव होता,” आत्या उठत म्हणाली. “मी कपडे धुणारी बाई आहे. आणि तुमच्या कॉलरला चहा लागलाय.”

चर्चच्या वस्त्रांची पिशवी काखेत मारून ती तरातरा बाहेर पडली. प्रार्थनेला बसायची तिची मनःस्थिती नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आत्या गुरुवारी तीन वाजता लाँड्रीकडे निघाली.

पिशवीत वापरलेली वस्त्रं, म्हणून ती नियमाप्रमाणे मागच्या दाराने आत आली. आतून गाण्याचा आवाज येत होता. पंधरा दिवसांत भाची गायली नव्हती. आत्याने पिशवी ठेवली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मधलं दार ढकललं. कोपऱ्यात घंगाळाचं झाकण बाजूला पडलं होतं आणि घंगाळातून दोन निळे पाय बाहेर लोंबत होते.

क्षणभर तिला वाटलं, आत माणूस आहे. मग दिसलं की पाय रिकामे आहेत. टँकरवाल्याची जाड निळी डांगरी होती ती, गळ्यापासून पावलांपर्यंत एकसंध. भाची बाह्या सारून, गुडघ्यावर बसून तिचं ढोपर ब्रशने घासत होती.

गाणं थांबलं.

“हे काय आहे?” आत्याने विचारलं, जणू डांगरी तिने जन्मात पाहिली नव्हती.

“डांगरी.”

“चर्चच्या घंगाळात?”

“हो.”

“किती दिवस चाललंय हे?”

भाचीने ब्रश खाली ठेवला. “दिवस नाही आत्या. दीड वर्ष. दर गुरुवारी, तू गेलीस की.”

आत्या मोडक्या स्टुलावर बसली. गुरुवारी डांगरी, शुक्रवारी वस्त्रं. रविवारी तेच रुमाल प्याल्याच्या काठावरून फिरायचे आणि त्या प्याल्याला सगळी मंडळी ओठ लावायची. डॉक्टर, पाळकसाहेब, पाळकसाहेबांची त्र्याण्णव वर्षांची आई. एकेकाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून गेला. सगळे ठणठणीत होते. पाळकसाहेबांची आई तर मागच्या महिन्यात स्वतः जिना चढून गॅलरीत बसली होती.

“सहा टब आहेत इथे,” आत्या शेवटी म्हणाली. “तुला हेच सापडलं?”

“सहाच्या सहा टब तू रोज तपासतेस. वास घेऊन बघतेस. या घंगाळावर संशय घ्यायचं तुझ्या मनातही येणार नाही, म्हणून.” भाचीने घंगाळाच्या काठावर हात ठेवला. “आणि मी ते तसंच ठेवत नाही. डांगरी निघाली की लिंबू आणि मीठ लावून आतून-बाहेरून घासते. मग उकळतं पाणी, दोनदा. मग पुसून कोरडं. पहिल्या दिवशी तर मी घाबरून दोन तास घासत बसले होते, तेव्हा कुठे तळाचं कीट निघालं.”

“कसलं कीट?”

“हिरवं. तांब्याला धरलेलं. आठवडाभर ते नुसतं झाकून पडायचं ना. कोपऱ्यात उजेड नाही, आणि तुला अलीकडे बारीक दिसत नाही. वस्त्रांना पिवळट झाक येत होती, आठवतं? तू साबण बदललास दोनदा. साबणाचा दोष नव्हता.”

आत्याला आठवलं. तीन साबणवाल्यांना तिने त्या पिवळट झाकेपायी धारेवर धरलं होतं. मग एकाएकी झाक गेली, वस्त्रं बर्फासारखी निघायला लागली, आणि तिने गावभर सांगितलं की हे वेगळं ठेवल्याचं फळ. आताच तासाभरापूर्वी सांगून आली होती.

ती उठली. घंगाळापाशी गेली. भाची एक पाऊल मागे सरली, कारण आत्याचा हात चालायचा नाही पण तोंडाचा भरवसा नव्हता. आत्याने वाकून डांगरीची बाही उचलली. इतकी वर्षं जे कापड ती दारातून परत पाठवत आली होती, ते तिने दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं, शिवण उलटी केली, नाकाशी नेली. मग पुन्हा नेली.

“किती पाण्यातून काढतेस?”

भाचीला आधी प्रश्नच कळला नाही. “तीन.”

“शिवणीत साबण राहिलाय. एवढ्या जाड कापडाला चार लागतात. हो बाजूला.”

आणि आत्याने पदर खोचला. चौथं पाणी तिने स्वतः घातलं. पिळायला दोघी लागल्या, एक पायांकडे, एक खांद्यांकडे, आणि ती जाडजूड डांगरी दोघींच्या मधे अशी काही वळवळली की आत्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग ती भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “दीड वर्ष,” ती म्हणत राहिली. “अगं कार्टे, दीड वर्ष.” भाची हसता हसता रडायला लागली, तेव्हा आत्याने तिला ओल्या हातांनीच जवळ घेतलं. पोरीच्या पाठीवर तिच्या तळव्यांचे दोन मोठे ओले ठसे उमटले. पंधरा दिवसांचा अबोला तिथेच वाहून गेला.

चार वाजता मागच्या दारावर हळूच टकटक झाली. टँकरवाला दर गुरुवारी याच वेळी कपडे न्यायला यायचा. दार आत्याने उघडलं. त्याने तिला पाहिलं आणि हात आपसूक पाठीमागे गेले.

“मी... चुकून आलो वाटतं,” तो म्हणाला.

“दीड वर्ष चुकून?”

तो मान खाली घालून उभा राहिला, अपराधी आणि उंच.

“हात बघू,” आत्या म्हणाली.

त्याने भाचीकडे पाहिलं. भाचीने मान हलवली. त्याने हात पुढे केले, आत्याने ते धरले आणि कपडा तपासावा तसे उलटसुलट करून उजेडात पाहिले. नखं मुळापर्यंत कापलेली, कातडी धुऊन धुऊन पांढरी पडलेली, पेरांवर बारीक भेगा. असे हात आत्याने रोज पाहिले होते, स्वतःच्या मनगटाखाली. दिवसातून चाळीस वेळा धुतल्याशिवाय ते असे होत नाहीत. या माणसाला आपण किती वर्षं दुरून हाकललं याची तिला लाज वाटली, अगदी मनापासून.

“रात्री तेल लावत जा,” ती म्हणाली. “नाहीतर हिवाळ्यात रक्त येतं.”

त्याने मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्याचे हात असे धरून कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि ते काढून घ्यायचे कसे हे त्याला सुचत नव्हतं.

“लग्नात काय घालणार?”

“पांढरा सदरा आहे एक.”

“उद्या आणून दे. मागच्या दाराने. सदरा हं, मागच्या दाराने. तू पुढून ये.”

लग्नाच्या दिवशी आत्या भाचीचा हात धरून चर्चच्या मधल्या वाटेने चालली, आणि एवढी झपझप चालली की बाजा वाजवणाऱ्याला चाल बदलावी लागली. डॉक्टर, साबणवाले, सगळी गल्ली हजर होती. टँकरवाला वेदीशी उभा होता. सदऱ्याची कॉलर सुरीसारखी ताठ होती, आणि सवयीने हात पाठीमागे.

“हात,” आत्या हळूच म्हणाली. आत्याचं हळूच शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं.

त्याने हात पुढे केला. आत्याने भाचीचा हात त्या हातात ठेवला, वर आपला हात दाबून ठेवला आणि तो तिथेच राहिला. पाळकसाहेब थांबले. खाकरले. पुस्तकाचं पान उलटून पुन्हा सुलटं केलं. पुढची वचनं नवरा-नवरीने एकमेकांचा हात धरून म्हणायची होती, आणि इथे मधे तिसरा हात.

“आत्या,” ते कुजबुजले, “आता पुढचं मला करायचंय.”

“मग करा की,” आत्या म्हणाली. “मी कुठे अडवलंय?”

पाळकसाहेबांनी त्या तिघांकडे पाहिलं, पुस्तक उघडलं, आणि तीन हातांवरच लग्न लावून दिलं.